तेल कशाला पायजे?

भालकीच्या पेठेत शरणअण्णांच्या दुकानाच्या दारात दोन फुगे टांगलेले असायचे, एक तांबडा आणि एक पिवळा. दुकान काही खेळण्यांचं नव्हतं. आत करडीच्या, तिळाच्या, जवसाच्या तेलाची पिंपं, मागच्या अंगणात बैलाचा घाणा, आणि दारात हे फुगे. सकाळी दुकान उघडलं की अण्णा तांबड्या फुग्याला बोटानं तेल चोळायचे. पिवळ्याला चिनी मातीच्या बरणीतलं काहीतरी पांढरट, लिबलिबीत लावायचे. मग गादीवर मांडी घालून वाट बघत बसायचे. उन्हं डोक्यावर यायच्या आत कधीतरी तांबडा फुगा फाट्‌कन फुटायचा. समोरचा शिंपी दचकून सुई बोटात टोचून घ्यायचा, आणि अण्णा अख्ख्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "फुटला! बांधा आता पाळणा!"

पिवळा फुगा दिवेलागणीपर्यंत डुलत राहायचा.

मी भालकीत नवीन आले तेव्हा मला वाटलं, माणूस डोक्यानं जरा सैल आहे. निजामी जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. गावात मुलींची शाळा निघाली होती आणि मी तिथं मास्तरीण. आमचे हे तहसिलीत कारकून. आमची खोली अण्णांच्या घराला लागूनच, त्यामुळे घाण्याची कुरकुर आणि अण्णांचा आवाज ही दोन्ही भाड्यातच मिळाली होती.

पहिल्यांदा बरणी घेऊन तेल आणायला गेले, तेव्हा अण्णांनी माप हातात घेतलं आणि विचारलं, "तेल कशाला पायजे, बाई?"

"फोडणीला," मी म्हटलं. तेल आणखी कशाला लागतं, हे मला कळेना.

"मग घ्या की! फोडणीला लागंल तेवढं घ्या."

माझ्या मागं एक तरुण गडी उभा होता. त्यालाही तोच प्रश्न.

"डोक्याला, अण्णा," तो पुटपुटला.

"डोक्याला? टोपी काढ बघू."

त्यानं टोपी काढली. नुकताच तिरुपतीला जाऊन आला असावा, डोक्यावर एक केस नव्हता.

"ह्या डोक्याला तेल? सरळ बोल की रं! देवानं तोंड काय निस्तं जेवायलाच दिलंय व्हय?"

गडी टोपी न घालताच पळत सुटला. अण्णा गादीवरून अर्धे उठले आणि ओरडले, "आरं पळायलास कामून? घरात रबर असंल तर त्याला तेल लावू नको, येवढंच सांगायचं हुतं!" हे वाक्य तो चौकात पोचल्यावर त्याला ऐकू आलं. चौकालाही आलं.

आता हे रबर कोणतं, ते सांगायला हवं. मी हे सगळं लिहायला बसले तेव्हा माझ्या एका मैत्रिणीनं विचारलं, "असल्या गोष्टी बाईमाणसानं लिहायच्या का?" बाईमाणसानं भोगायच्या, मग लिहायच्या कुणी? त्या काळात हैद्राबादला जाणारी माणसं तिकडच्या औषधांच्या दुकानातून पुरुषांनी वापरायचं रबर आणू लागली होती. कुणाला लेकरांची रांग थांबवायची असे, कुणाला लॉरीवर फिरताना जडलेले गरमी-परम्यासारखे गुप्तरोग घरात यायला नको असत. दुकानदार ते कागदात गुंडाळून, नजर चुकवून, हातात सरकवायचा. वापरायचं कसं, हे ना तो सांगायचा ना घेणारा विचारायचा. घरी आल्यावर कोरडं रबर काचायचं, ओढलं जायचं. मग लोक घरात जे हाताशी असेल ते लावायचे. तेल, तूप, लोणी. आणि तेला-तुपानं रबर मऊ पडून फाटतं, हे कुणाच्या गावीही नसायचं.

ते अण्णांच्या गावी होतं. एकदा एखादी गोष्ट अण्णांना कळली, की ती इतरांना कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"तेल आंगाला," ते बोट नाचवत सांगायचे, "तेल कढईला, तेल दिव्याला. रबराला न्हाई, न्हाई, न्हाई!" तेल विकणारा माणूस तेल घेऊ नका म्हणून सांगतो, हे मी तरी दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

त्यांच्याकडे एकेका चुकीची कथा होती. एकानं साबण लावला होता. "मग?" असं कुणी विचारलं की अण्णा हळहळत म्हणायचे, "मग काय? आग आग झाली. नवरा-बायको आठवडाभर येकमेकाशी बोलली न्हाईत." एका लॉरीवाल्यानं डोकेदुखीचा बाम लावला होता. "बाम!" इथं अण्णा स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत. "त्याच्या बोंबा उदगीरला ऐकू गेल्या असतील!" नावं मात्र ते कधी सांगत नसत. पेठेनं पुष्कळ तर्क केले, पण बामवाला कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग काय लावायचं? त्यासाठी ती बरणी. पेठेत त्या पदार्थाला "अण्णांची खळ" म्हणत. बीदरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ती करायला शिकवली होती. उकळून गार केलेल्या पाण्यात कतीरा गोंद, म्हणजे उन्हाळ्यात सरबतात घालतात तो डिंक, भिजवायचा. तो फुगला की घोटून फडक्यातून गाळायचा आणि त्यात ग्लिसरीन मिसळायचं. तिच्यात तेलाचा थेंब नसल्यामुळे रबराला काही होत नाही. ज्याला पाहिजे त्याला अण्णा ती फुकट द्यायचे आणि वर दम भरायचे, "आजची आजच वापरायची. ऱ्हायली तर उद्या फेकून द्यायची. आन् माज्यासमोर धुतलेल्या भांड्यातच न्यायची!"

आमच्या यांचा स्वभाव तसा भिडस्त. एकदा मी त्यांना माझ्या केसांसाठी खोबरेल आणायला पाठवलं. अण्णांनी विचारलं, "खोबरेल कशाला पायजे, सायेब?"

"बायकोला," हे म्हणाले.

"बायकोला कुठं?"

हे रिकामी बाटली घेऊन परत आले आणि त्यांनी कानशिलं लाल करून मला सांगितलं, की यापुढं तेल तू आणायचं. तो प्रश्न मलाही नको होता, म्हणून बरेच दिवस मी केसांना घरातलंच करडीचं तेल लावून शाळेत गेले. वर्गात मुली नाक दाबून बसायच्या.

पेठेनं हे सगळं बराच काळ हसण्यावारी नेलं. पण गोष्ट आपल्या घरापर्यंत येत नाही तोपर्यंतच माणसं हसतात. पेठेत विरूपाक्षप्पा म्हणून मोठे आडतदार होते. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांची धाकटी सून एकदा दुकानावरून जाताना फुगा फुटला आणि अण्णांनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. सुनेला हसू आवरेना. तिला हसताना सासऱ्यांनी पाहिलं. तिथून बिनसलं.

विरूपाक्षप्पा स्वतः दुकानात आले. "शरणप्पा, आमच्या लेकी-सुना ह्या रस्त्यानं जातेत."

"जातेत की. म्हणूनच सांगायलोय. त्याईंच्यासाठीच तर सांगायलोय."

"हे बंद कर."

"न्हाई जमायचं, शेठ."

दुसऱ्या दिवसापासून पेठेनं अण्णांकडून तेल घेणं बंद केलं. घाण्याला करडी द्यायची नाही, असा निरोप आडतीवरून गावोगाव गेला. बैल सावलीत उभा राहून रवंथ करू लागला. दुसरा कुणी असता तर त्यानं फुगे उतरवले असते. अण्णांनी शिडी आणली आणि दोनाचे चार करून थेट छपराच्या टोकाला टांगले, म्हणजे स्टेशनाकडून येणाऱ्यालाही दिसावेत. मी विचारलं, "अण्णा, गिऱ्हाईक नाही, आता कसं?"

"गिऱ्हाईक न्हाई, म्हंजे बोलायला येळच येळ!" आणि त्यांनी रस्त्यानं जाणाऱ्या टांगेवाल्याला हाक मारली, "ओ मियाँ, जरा हिकडं या! लगीन ठरलंय म्हनं तुमचं?"

शेवटी विरूपाक्षप्पांनी अण्णांना बसवण्णाच्या देवळापुढच्या कट्ट्यावर बोलावलं. दुपारची वेळ. पेठेतले सगळे कर्ते पुरुष पटके सावरून बसले होते. आमचे हेही मागच्या रांगेत होते, अण्णांची नजर पडणार नाही अशा बेतानं. आम्ही बायका लिंबाखाली उभ्या होतो. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, आणि जा म्हणायचीही कुणाची छाती झाली नाही.

"तुजं दुकान तेलाचं हाय," विरूपाक्षप्पा म्हणाले. "तेल ईक. ही रबराची भानगड कशाला?"

"मी रबर ईकत न्हाई. मी फकस्त सांगतो."

"मग सांगू नको. पंचांपुढं चूक झाली म्हण, मिटलं."

"कशाची चूक? तेल लावल्यावर फुगा फुटतोय, ही माजी चूक व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. विरूपाक्षप्पांचा चेहरा काळवंडला. "शरणप्पा, जनाची न्हाई तर मनाची तरी लाज वाटू दे!"

"वाटली हुती," अण्णा म्हणाले. "येकदा लई लाज वाटली हुती मला, शेठ. म्हणून कुणाला काय इचारलं न्हाई." आणि ते थांबले. पेठेत कधी न थांबणारा तो आवाज असा मध्येच तुटला. ते दोन्ही हात धोतराला पुसू लागले.

विरूपाक्षप्पांना वाटलं, माणूस नमला. "मग ठरलं. आजपासून..."

"थांबा," लिंबाखालून आवाज आला.

गंगम्माअक्का, अण्णांची बायको. बारीक अंगाची, मान खाली घालून वावरणारी बाई. पेठेत तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. नवरा दोघांपुरतं बोलायचा, असं लोक म्हणायचे. ती डोक्यावरचा पदर घट्ट ओढून बायकांतून निघाली आणि पुरुषांच्या पुढ्यात, थेट कट्ट्याच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली.

"ज्याच्या घरातली बाई बाळंतपणात गेली न्हाई," ती म्हणाली, "आई न्हाई, बहीण न्हाई, लेक न्हाई, सून न्हाई, त्यानं हात वर करावा. मग माज्या मालकाला बोलावं."

कट्ट्यावर एकही हात पुरता वर आला नाही. एकानं हात थोडासा उचलला, मग बाजूच्या भावाकडं पाहिलं आणि तोच हात मिशीवरून फिरवला. विरूपाक्षप्पा आपल्या तळहातांकडं बघत होते. त्यांच्या दोन बायका बाळंतपणात गेल्या होत्या, हे भालकीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"बसा, अक्का," ते हळू म्हणाले.

"बसायला आले न्हाई मी. ती खळ मी करते. कतीरा मी घोटते, मीच गाळते. हेंचं तोंड बंद करायचं असंल तर आदी माजं करा. आन् उद्यापासून बायांना मी सांगणार हाय. मागच्या दारानं न्हाई, म्होरच्या दारानं या. कुणाला भ्यायचं न्हाई."

एवढं बोलून ती घराकडं चालू लागली. अण्णा तिच्या मागं. कट्ट्यावर काही ठरलं नाही. कुणी उठा म्हटलं नाही तरी एकेक जण धोतर झटकत उठला. आमचे हे घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई जबरदस्त आहे."

आठवड्याच्या बाजारानंतर विरूपाक्षप्पांच्या आडतीवरून करडीनं भरलेली गाडी अण्णांच्या घाण्यावर आली. ना निरोप, ना चिठ्ठी. बैल पुन्हा जुंपला गेला. आणि एके दिवशी भरदुपारी विरूपाक्षप्पांची धाकटी सून अण्णांच्या पुढच्या दारानं आत गेली आणि पुढच्याच दारानं बाहेर आली. मी शाळेतून येत होते. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान ताठ ठेवून गेली.

मग मीही गेले.

मला दुसरी मुलगी झाली होती. ती अंगावर पीत होती. इतक्यात तिसरं आम्हा दोघांनाही नको होतं. यांनी हैद्राबादच्या माणसाकडून रबर मागवलं होतं, ते ट्रंकेच्या तळाशी पडून होतं. पण माझं अंग कोरडं पडलं होतं आणि दुखायचं. हे मी कुणाशी बोलणार? यांच्याशी बोलावं तर हे खोबरेलाचं नाव काढलं तरी लाल होणारे. एका रविवारी सकाळी मुलींना शेजारी ठेवलं आणि गंगम्माअक्काच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. ती फडक्यातून कतीरा गाळत होती. मी सांगितलं. चौथीच्या वर्गाला भूगोल सांगावा तसं एका दमात सांगून टाकलं.

तिनं हातातलं काम थांबवलं नाही. "लेकरू पीत असलं की तसंच असतंय, बाई. ते काय पाप न्हाई. दुखतंय तर दात खाऊन पडून ऱ्हाऊ नका. सांगा त्यास्नी. दुखतंय म्हणा, थांबा म्हणा. आन् ही लावा, थोडी आदी हाताला लावून बघा, खाज-आग न्हाई ना. वासासाठी अत्तर-बित्तर घालू नका. ते लई झोंबतंय."

मग पिळलेलं फडकं बाजूला ठेवून ती आपलं सांगू लागली. चौथ्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. बीदरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता पुन्हा दिवस गेले तर बाई हाताला लागायची नाही. भावकीतले म्हणाले, शरणप्पानं दुसरी करावी. "हे म्हणाले, दुसरी कामून? पयली संपली काय?" अक्का हसली. "मग हैद्राबादला गेले. रबर घिऊन आले. दुकानवाल्याला काय इचारलं न्हाई, लाजले. कोरडं लागतंय म्हणून तेल लावलं. घरचंच."

"मग?"

"फाटलं. दिवस गेले. चार म्हैन्यानं ते बी गेलं, आन् माजी बी जायाची येळ आली. पुन्हा तीच डॉक्टरीणबाई. जरा बरं वाटल्यावर तिनं ह्यास्नी इचारलं, रबर असूनबी असं कसं झालं? काय लावलं हुतं? तर हे कसे म्हणाले असतील? छाती फुगवून म्हणाले, माज्याच घाण्याचं, बाई, अस्सल करडीचं." अक्कानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, मला पटकन कळलं नाही. "तिनं समजावून सांगितल्यावर हे दवाखान्याच्या पायरीवर बसले ते उठंनात. म्हणाले, माज्या तेलानं. माज्याच तेलानं."

घाण्याची कुरकुर चालू होती. अक्कानं गाळलेला कतीरा दोन भांड्यांत वेगळा केला.

"पुढं लई वर्सं हे ओसरीवर झोपायचे. भेलेले. मीच एक दिवस ओढून आत आणलं." तिनं एका भांड्यात साखर टाकली आणि लिंबू पिळलं. "दुकानात येवढं बोलतेत, तुमी ऐकताच की. घरात मात्र आजून मला इचारता येत न्हाई. रोज सकाळी गुमान कतीरा भिजवून ठेवतेत आन् जातेत. माजं मन असलं, तर मी सगळ्यातच ग्लिसरीन घालते. नसलं, तर ग्लिसरीन घालायच्या आदीच त्यातलं जरा काडून सरबत करते आन् दुपारी पाजते."

"आणि अण्णा?"

"पितेत."

बोलता बोलता दुपार झाली आणि अण्णा जेवायला आत आले. मला पाहून त्यांनी "या बाई" म्हटलं आणि पाटावर बसले. अक्कानं सरबताचा पेला त्यांच्यापुढं ठेवला. अण्णांनी पेल्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मला वाटलं, आता काहीतरी मोठ्यानं बोलतील. पण त्यांनी सगळं सरबत शांतपणे संपवलं आणि पेला उपडा ठेवला.

"पाठ दुखायलीय व्हय?" त्यांनी विचारलं.

"थोडी."

"सकाळी सांगायचं न्हाई का मग."

ते उठले. पुढं जाऊन दुकानाच्या फळ्या लावल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी अक्काच्या हाताला धरून तिला चुलीपासून उठवलं, भिंतीला टेकवून बसवलं, तिच्या पाठीमागं गोधडीची घडी सरकवली. मग स्वतः चुलीपुढं बसून परातीतलं ज्वारीचं पीठ मळायला लागले. भाकरी थापताना त्यांची जीभ दातांत धरलेली होती. पहिली भाकरी वेडीवाकडी झाली. ती त्यांनी स्वतःसाठी ठेवली.

बाहेर कुणीतरी फळ्यांवर थाप मारून हाका मारत होतं, "अण्णा, ओ अण्णा! तेल द्या की!"

अण्णांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. "आज दुकान बंद हाय," ते म्हणाले, इतक्या हळू की ते फक्त आम्हा दोघींनाच ऐकू आलं.